हवा ओढतेय

आमच्या पहिल्या गाडीबद्दल मी आजवर जे जे सांगत आलो त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि उरलेलं निम्मं मी थोडं वाढवलेलं आहे. पण ती हलायची, हे शंभर टक्के खरं. पंधरा वर्षं जुनी जपानी गाडी, रंग मूळचा पांढरा, माझ्या आधी तिचे चार मालक होऊन गेलेले. रस्त्यावर पळताना ती शहाण्यासारखी पळायची. सिग्नलला उभी राहिली की मात्र अंगात यायचं. आधी स्टीअरिंग थरथरायचं, मग आरसा, मग माझ्या दाढा. बायको एकदा मागच्या सीटवर दह्याचं पातेलं ठेवून निघाली होती. शारजाहून दुबईत मैत्रिणीकडं पोचेपर्यंत त्याचं ताक झालं आणि वर लोण्याचा गोळा तरंगत होता. बायको म्हणते, गोळा नव्हता. तिची नजर अधू आहे.

हलणं परवडलं असतं. पण हलून हलून ती शेवटी एक उचकी द्यायची आणि बंद पडायची, तेही नेमका ब्रेकवर पाय ठेवला की. आम्ही राहायचो अल नहदाला. शारजाच्या टोकाला, दुबईच्या हद्दीला चिकटून, तेव्हा तिथं टॉवर नुकते उगवायला लागले होते. ऑफिस दुबईत. मधला रस्ता मोकळा असेल तर पंधरा मिनिटांचा आणि तो कधीच मोकळा नसायचा. त्या गर्दीत गाडी बंद पडली की मागून हॉर्नांचा असा काही गजर व्हायचा की वाटावं, आपली मिरवणूक निघालीय. पाचएक गॅरेजं झाली. कुणी पेट्रोलमध्ये पाणी आहे म्हणालं, कुणी कार्बुरेटर बदल म्हणालं, एकानं तर गाडी ‘खलास हबीबी’ म्हणून जाहीर करून टाकली. मी सगळ्यांना एकच सांगायचो, ‘‘आमचे आबा येऊ देत. ते नुसतं ऐकून सांगतील.’’

आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडच्या एका बस डेपोच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं मेकॅनिक. मुख्य हात डिझेलवर, पण डेपो मॅनेजरची पेट्रोलची जीपही त्यांच्याशिवाय कुणाच्या हाती देत नसत. त्यांची पद्धत अशी, की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी दाबायची आणि डोळे मिटायचे. वर्कशॉपातला गोंगाट बाहेर राहतो आणि त्या लोखंडी दांड्यातून इंजिनाच्या आतलं तेवढं कानात येतं. यातलं मी काहीही वाढवलेलं नाही. वाढवलं ते यापुढचं. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी बिल्डिंगमधले आम्ही आठदहा मराठी लोक एकत्र जमायचो आणि तिथं मी आबांच्या गोष्टी सांगायचो. फाट्यावरून वळणारी बस घरात बसून ऐकायचे आणि ‘तिसऱ्या सिलिंडरला सर्दी झालीय’ म्हणायचे. एकदा वरून विमान जात होतं, आबा जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, डावं इंजिन दाखवून घ्यायला सांगा. आमच्या शेजारी वसईचा एक जण राहायचा, हॉटेलात रिसेप्शनला होता. तो म्हणायचा, ‘‘तुझ्या बापाला रे, एअरपोर्टवरच उतरवून घेतील. घरी नाय यायचा तो.’’

आई विमानात बसायला तयार नव्हती, म्हणून आबा एकटेच आले, दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर, डिसेंबरात. कपडे थोडे आणि बॅगेत तळाशी टॉवेलात गुंडाळलेला तो स्क्रूड्रायव्हर. एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये मी गाडी सुरू केली आणि म्हणालो, ‘‘ऐका!’’ आबा म्हणाले, ‘‘व्हय, विमानात जेवण चांगलं होतं.’’

मला वाटलं, दमलेत.

घरी टीव्ही मोठा लागायला लागला. बेल वाजली तरी आबा शेजारच्या खुर्चीत शांत बसलेले. माझी मुलगी इंग्रजीत काहीतरी सांगायची आणि ते मान डोलवायचे. बायको म्हणाली, इंग्रजी कळत नाही म्हणून असेल. मीही म्हणालो, तेच असेल.

पहिल्या शुक्रवारी सकाळी पार्किंगमध्ये सगळी मंडळी जमली. जमणारच. वर्षभर जाहिरात मीच केली होती. कुणी पोहे आणले होते, कुणी थर्मासमध्ये चहा. आबांनी धुतलेला सदरा घातला होता. मी गाडी सुरू केली, बॉनेट वर केलं. गाडीनं पाहुणे बघून अंगात आणलं. आबा वाकले, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवलं, मूठ कानाशी नेली आणि डोळे मिटले. सगळे गप्प झाले.  एक मिनिट झालं असेल. गाडी आणखी हलली, उचकी दिली आणि बंद पडली.

आबा ऐकतच होते.

डोळे मिटलेले, कपाळाला आठी, मूठ कानाला घट्ट. इंजिन मेलेलं आणि माझा बाप ते ऐकतोय. टोक हळूच सरकवून त्यांनी दुसऱ्या जागी ठेवलं. तिथंही ऐकलं. मग त्यांचा डावा हात, जो मडगार्डवर टेकलेला होता, तो थबकला. तळवा त्यांनी पत्र्यावर जरा फिरवला, जणू ताप बघतायत. मग डोळे उघडले आणि आमच्या सगळ्यांकडं पाहिलं. कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. वसईवाला एकदम म्हणाला, ‘‘अंकल, चहा गार होतोय, चला,’’ आणि थर्मासचं झाकण फिरवत बसला, फिरवतच बसला.

माझी जीभ जगात कुठंही अडत नाही. त्या दिवशी अडली.

पुढं दोन आठवडे त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. पण बायकोनं सांगितलं, संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन आंघोळीला शिरलो की आबा किल्ली घेऊन खाली जातात. एकदा मी वरून, बाल्कनीतून पाहिलं. गाडी चालू होती आणि आबांनी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून दिला होता. ते दोन्ही तळहात इंजिनावर ठेवून उभे होते. हात थोडे हलवायचे, थांबायचे. आंधळा माणूस ओळखीच्या माणसाचा चेहरा चाचपतो तसं. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, ‘‘ब्रेक दाबताना जड लागतोय का रं?’’

खरं तर लागायचा. पण टेबलाशी पाहुणे होते आणि मी काय बोललो? ‘‘आबा, माझ्या पायाला जड काही लागतच नाही. परवा ब्रेक दाबला तर मागचा ट्रकसुद्धा थांबला.’’ सगळे हसले. आबाही हसले. लोकांची तोंडं बघून हसले, हे मला आता कळतं.

मग तो सकाळचा प्रसंग. साडेसहा वाजले असतील. मी पांढरा शर्ट, टाय, एका हातात डबा अशा थाटात खाली उतरलो तर आबा गाडीपाशी आधीच उभे. बॉनेट वर. हातात हातभर लांबीचा रबरी पाइपाचा तुकडा, वॉशिंग मशीनच्या जुन्या पाइपातून कापलेला.

‘‘गाडी चालू कर आणि हिकडं ये,’’ म्हणाले.

मी आलो. त्यांनी कार्बुरेटरवरचं झाकण काढलेलं होतं. उजवा तळहात त्यांनी त्याच्या उघड्या तोंडावर अर्धा आडवा धरला. आणि काय सांगू, ती थरथरणारी, दाढा पाडणारी गाडी शांत झाली. हात काढला, परत अंगात आलं. हात ठेवला, शांत.

‘‘बघितलंस? हिला हवा जास्त होतीय. मी वरनं हवा कमी केली की बरं वाटतंय. म्हंजी कुठनंतरी चोरून हवा ओढतेय. एखादा पाइप फुटलाय.’’

‘‘कुठला?’’

आबांनी तळहात सदऱ्याला पुसला. मग गाडीकडं बघतच म्हणाले, ‘‘ते हाताला कळत न्हाई. ते कानाला कळतं. मला ऐकू येत न्हाई. दोन वर्षं झाली. तुझ्या आईला बोलू नको.’’

मी आयुष्यात इतकं सरळ वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, माझ्या तर नाहीच.

त्यांनी तो रबरी तुकडा माझ्या हातात दिला. ‘‘एक टोक कानात धर. दुसरं प्रत्येक पाइपावरनं हळूहळू फिरव. फुटलाय तिथं सूं असा आवाज येतो, साप असल्यासारखा. घाई करू नको. तू माझा कान हो एवढ्यापुरता.’’

आता हे मी चारचौघांत कधी सांगितलेलं नाही. मी ते टोक कानात धरलं. दुसरं टोक इथं टेकवलं, तिथं टेकवलं. पहिल्या पाइपावर दोन सेकंद. दुसऱ्यावर एक. साडेसहा म्हणजे रस्ता भरायची वेळ, दहा मिनिटं उशीर म्हणजे पुढं तासभर उशीर, आणि नऊला साहेबांची मीटिंग. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण हे, की मी पार्किंगमधल्या त्या शुक्रवारीच मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. बंद इंजिन ऐकणारा माणूस. त्याच्या हाताला काय कळणार? मी त्यांचं मन राखायला तो पाइप कानात धरला होता, आवाज ऐकायला नव्हे.

‘‘काही नाही, आबा.’’

त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं. ‘‘खालच्या अंगानं बघितलंस? ब्रेककडं जातोय तो जाड पाइप, त्याच्या खालनं?’’

खालच्या अंगाला हात घालायचा म्हणजे बाही काळी झाली असती.

‘‘बघितलं. काही नाही.’’

‘‘सगळं?’’

‘‘सगळं.’’

आबांनी मान हलवली. तळहात उलटा करून त्याच्याकडं पाहिलं. ‘‘मग नसंल. हात चुकला म्हणायचा.’’ तो तुकडा त्यांनी माझ्याकडून घेतला आणि फडक्यानं पुसला. त्याला काहीही लागलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी चारी प्लग काढून घासले आणि परत बसवले. गाडीत फरक नाही. दुसऱ्या दिवशी ती एका मोठ्या चौकात तीनदा बंद पडली. मी जेवणाच्या सुट्टीत ती तशीच रेटत रास अल खोरला नेली. तिथं गोदामांच्या मागच्या गल्लीत एका पेशावरच्या पठाणाचं गॅरेज होतं, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. मी त्याला सांगितलं, ‘‘उस्ताद, पाँच गॅरेज हो गए, चार बजे तक ठीक कर दो. क्या था वो मत बताना, मैं सुनूँगा भी नहीं.’’ उस्तादनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं डॉक्टर रोगाचं नाव ऐकायला घाबरणाऱ्या पेशंटकडं पाहतो. पण चारला गाडी तयार होती. सुरू केली तर सुरू झाली की नाही हे कळेना, इतकी गप्प.

आता परदेशात राहणाऱ्या आम्हा लोकांची एक रीत आहे. घरी फक्त चांगली बातमी कळवायची. नोकरी जाते तेव्हा आम्ही ‘सध्या जरा निवांत आहे’ म्हणतो. ताप असताना ‘हवा बदलतेय’ म्हणतो. फोनवर खोटं बोलून बोलून इतकी सवय होते की माणूस समोर येऊन बसला तरी तेच चालू राहतं. येताना गाडीत मी ठरवून टाकलं. बाप दोन वर्षांपासून बहिरा. चारचौघांत त्याची शोभा झालीय, आणि ती मी केलीय. आपण त्याला एक विजय देऊ.

पार्किंगमध्ये शिरतानाच मी हॉर्न वाजवत सुटलो. ‘‘आबा! खाली या! अहो प्लग! प्लगच होते!’’ वसईवाला आला, वरचे दोघं आले, बायको ओला हात पदराला पुसत आबांना घेऊन आली. मी सुरू झालो. सकाळीच इंजिनाला घाम फुटला, दुपारपर्यंत प्लगांची जादू चढली, सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या अरबानं काच खाली करून विचारलं, ही गाडी विजेवर चालते का? पोलिसानं थांबवून खात्री केली की गाडी चालू आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वसईवाल्यानं आबांचा हात धरून वर केला, कुस्ती जिंकल्यासारखा.

आबांनी हात सोडवून घेतला आणि बॉनेटवर ठेवला. बराच वेळ ठेवला. इंजिन चालू होतं, पण तळव्याखाली नुसती ऊब असावी, थरथर नाही.

‘‘प्लगनं?’’ त्यांनी मला विचारलं.

‘‘प्लगनंच.’’

‘‘काल तर फरक नव्हता.’’

‘‘चढायला वेळ लागतो हो. तुम्हीच साफ केलेत ना? मग!’’

‘‘म्हंजी हवेचं मी उगंच म्हणत हुतो.’’

‘‘जाऊ द्या ना आता ते,’’ मी मोठ्या मनानं म्हणालो.

त्यांनी हात काढून घेतला. मला वाटलं, आपण त्यांच्या डोक्यावर फेटा बांधला. उरलेले तीन आठवडे ते एकदाही खाली गाडीपाशी गेले नाहीत. मी म्हणायचो, आबांना विश्रांती कळायला लागली.

ते परत गेल्यावर महिन्याभरानं मी तेल बदलायला उस्तादकडं गेलो. बॉनेट वर करून तो एका नव्या, काळ्या पाइपावर टिचकी मारत म्हणाला, ‘‘ये ठीक है ना? पुराना वाला नीचे से फटा हुआ था. ब्रेक वाला, इसीलिए ब्रेक भारी लगता था. हवा खींच रहा था, साहब. इतनी सी बात थी. पाँच गॅरेज में किसी ने हाथ नीचे नहीं डाला?’’

मी विचारलं, जुना पाइप कुठं आहे. तो म्हणाला, वो तो उसी दिन कचरे में. दहा दिरहमचा पाइप, कोण सांभाळून ठेवणार. मी म्हणालो, दहा दिरहम म्हणजे सव्वाशे रुपये. हे मी कुणाला सांगत होतो कोण जाणे. मग उस्तादच्या लोखंडी स्टुलावर बसलो. तो म्हणाला, चाय मंगाऊँ? मी नको म्हणालो. मी चहाला नको म्हटल्याची एवढी एकच नोंद आहे.

त्याच दिवशी घरी फोन लावला. वहिनीनं उचलला. मी म्हणालो, आबांना बोलवा आणि मी सांगतो तसं त्यांच्या कानात ओरडून सांगा. वहिनी ओरडली, ‘‘आबा! भावजी म्हणतात तुमचंच बरोबर होतं! पाइप फुटला होता! हवाच ओढत होती!’’  मग लांबून आबांचं हसणं ऐकू आलं आणि आवाज, ‘‘त्याला म्हणावं, पुरं आता. फोनला पैसं पडत्यात.’’

मी परत सांगायला लावलं. खरंच, शप्पथ. वहिनी परत ओरडली. मग माझ्याशी हळू आवाजात म्हणाली, ‘‘ते म्हणतायत, आधी प्लग म्हणाला, आता पाइप म्हणतोय, उद्या म्हणंल विमानच फुटलं होतं. कशाला त्रास करून घेताय भावजी? त्यांना कळतं तुम्ही मन राखायला बोलताय.’’

मला उस्तादचा आवाज कॅसेटवर रेकॉर्ड करून पाठवायचं सुचलं होतं. बहिऱ्या माणसाला. मग पत्र लिहिलं, तीन पानं, एकही जास्तीचं वाक्य न घालता. माझ्या हातून उतरलेलं ते सगळ्यांत कंटाळवाणं लिखाण असेल. त्याचं उत्तर आलं नाही. आईच्या पत्रात खाली एक ओळ होती, ‘आबांनी तुझं पत्र वाचलं, हसले.’

मे महिन्यात सुट्टीवर गावी गेलो. दुपारी अंगणात बसलो होतो तर गल्लीत भाजीवाल्याचा टेम्पो अडला होता. हलत होता, उचकी देत होता, बंद पडत होता. पूर्वी अशा वेळी गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा आबांना हाक मारायला धावायचं. भाजीवाला फाटकाशी आला आणि खुणेनं म्हणाला, जरा बघता का. आबांनी कानाला हात लावून नकार दिला. ‘‘ऐकू येत न्हाई बाबा आता. गॅरेजला ने.’’ आईसमोर बोलले. म्हणजे तिलाही सांगून टाकलं होतं.

मी त्यांच्या समोर उकिडवा बसलो. ओठ दिसावेत म्हणून अगदी जवळ. एक एक शब्द सुटा करून म्हणालो, ‘‘आबा, त्या दिवशी मी ऐकलंच नव्हतं. खाली हात घातलाच नव्हता. शर्ट काळा होईल म्हणून. पाइप खालूनच फुटला होता. तुमचा हात बरोबर होता. आता तुम्ही या टेम्पोला हात लावून बघा. कान मी होतो. या वेळी नीट होतो.’’

ते माझ्या ओठांकडं बघत होते. सगळं कळलं त्यांना, एकही शब्द निसटला नाही, हे मी बघितलं. मग त्यांनी माझ्या गालावर थोपटलं.

‘‘लहानपणापासनं गोष्ट लई छान सांगतोस तू,’’ म्हणाले. ‘‘आमाला बरं वाटावं म्हणून सांगतोस. कळतं मला.’’

भाजीवाल्यानं दोघांना बोलावून टेम्पो ढकलायला घेतला. तो आमच्या फाटकासमोरून कण्हत, हलत पुढं गेला. आबा उठून फाटकाबाहेर गेले आणि वाट देत भिंतीला टेकून उभे राहिले. टेम्पो इतका जवळून गेला की नुसता तळवा पुढं केला असता तर पत्र्याला लागला असता. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले होते.